कोहावाल्यांची जुळवाजुळव: बडोद्यातल्या छोट्या वाचनालयांचा ऑनलाइन गट कसा उभा राहिला

गेल्या काही महिन्यांत पुणे, सांगली आणि इंदूरहून ग्रंथपालांचे फोन आले. विचारणं एकच: "तुमच्यासारखा गट आम्हालाही काढायचाय, सुरुवात कुठून करायची?" प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून काढते.

मी बडोद्यात दांडिया बाजार भागातल्या एका ट्रस्टच्या मराठी वाचनालयात ग्रंथपाल आहे. सभासद बहुतेक साठीपुढचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलं. २०२२च्या दिवाळीनंतर आम्ही सूची कार्डं सोडून कोहा या वाचनालयं चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आलो. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी हे सॉफ्टवेअर १९९९मध्ये बनवायला घेतलं आणि जानेवारी २०००मध्ये तिथे सुरू झालं. तेव्हापासून जगभरची माणसं मिळून ते वाढवतात. परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून लहान वाचनालयांना ते परवडतं. पण पैसे पडत नाहीत म्हणजे अडलं की हक्काने फोन करावा असा विक्रेताही नसतो. गुजरातेत बरीच कॉलेजं गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं 'सोल' हे असंच सॉफ्टवेअर वापरतात, त्यांना विचारायला जागा आहे. कोहावाले मात्र विखुरलेले. एखादी शाळा, एखादा ट्रस्ट, एखादी खासगी संस्था, आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही.

जून २०२३मध्ये एक आजोबा एका कथासंग्रहासाठी आले. पुस्तक समोर कपाटात दिसत होतं आणि कोहा सांगत होता की असं पुस्तक नाही. दोन आठवडे मी याच्या मागे होते. शेवटी कळलं की कोहाच्या आतलं झेब्रा नावाचं शोधयंत्र मूळ मांडणीत रोमन लिपीसाठी बसवलेलं असतं. देवनागरीसाठी त्यात आयसीयू ही वेगवेगळ्या लिप्या ओळखणारी पद्धत चालू करून शोधाची सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्यावी लागते. आमच्याकडे त्याला जेमतेम एक दुपार लागली. पुढच्याच आठवड्यात एका पुस्तक प्रदर्शनात एका गुजराती शाळेच्या ग्रंथपाल बेन भेटल्या. त्यांची गुजराती पुस्तकंही शोधात सापडत नव्हती आणि त्या तर चार महिने त्यात अडकल्या होत्या. मी त्यांना तिथेच कागदावर सगळं लिहून दिलं. घरी येताना मनात हेच होतं की चार महिने म्हणजे एका माणसाचा किती जीव गेला असेल.

मग माणसं शोधायला लागले. इथे एक युक्ती सांगते, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. कुठल्या वाचनालयात संगणकीकरण चाललंय हे सगळ्यात आधी बारकोडची स्टिकरं विकणाऱ्याला माहीत असतं. रावपुऱ्यातल्या आमच्या स्टिकरवाल्या भाईंना मी म्हटलं, "नंबर मला देऊ नका. माझा नंबर त्यांना द्या, त्यांना हवं तर करतील फोन." जुलैभर फोन येत राहिले. काही कोहावाले निघाले, काही दुसरंच काही वापरणारे. त्या दुसऱ्यांनाही मी नाही म्हटलं नाही, कारण पुढे त्यांतले दोघे कोहावर आले.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. मी आमच्या कार्यवाहांकडे रीतसर अर्ज दिला. कार्यकारिणी दोन महिन्यांतून एकदा बसते, त्यामुळे थांबणं आलंच. बैठकीत खजिनदारांनी विचारलं, "ट्रस्टचं नाव लागणार, मग तिथे कोणी भलतंसलतं लिहिलं तर जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त होता. शेवटी ठराव झाला तो असा: गटाला ट्रस्टचं नाव नसेल, वाचनालयाच्या वेळेबाहेर वाचनकक्ष विनामूल्य मिळेल, ट्रस्टवर कसलाही खर्च पडणार नाही. या ठरावाची सहीशिक्क्याची प्रत मी जपून ठेवली आहे आणि ती आजवर बऱ्याच वेळा उपयोगी पडली. शाळेतल्या ग्रंथपालांना बाहेरच्या गटात यायला व्यवस्थापनाची लेखी परवानगी लागते. त्यांच्यासाठी आम्ही गुजरातीत अर्ध्या पानाचा मसुदा केला. गटात शाळेची किंवा विद्यार्थ्यांची कुठलीही माहिती जाणार नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहिलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये संसदेत डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मंजूर झाला होता, त्यामुळे मुख्याध्यापकांना ती ओळ वाचून बरं वाटायचं.

गट कुठे काढायचा यावर बराच खल झाला. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे होतं. पण तेव्हा तिथे नव्याने आलेल्याला आधीचं काही दिसत नसे, म्हणजे तेच प्रश्न पुन्हापुन्हा आले असते. शिवाय नंबर सगळ्यांना दिसत असे. आमच्यात निम्म्याहून जास्त बायका. रात्री साडेदहाला अनोळखी माणसाचा 'हाय' कोणालाच नको होता. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि जुनं बोलणं नव्या माणसाला वाचता येतं. तोटा इतकाच की काहींना ते नव्याने फोनवर घ्यावं लागलं. एका निवृत्त प्राध्यापक काकांनी तर नातवाला बसवून घेतलं आणि पहिला संदेश टाकला: "मी आलो आहे. आता काय करायचं?"

१२ ऑगस्ट २०२३ला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीच्या ग्रंथपाल दिनी, आमच्या वाचनकक्षात सगळे प्रत्यक्ष भेटलो. शनिवार होता, वीसेक माणसं आली. सेव उसळ आणि चहा मिळून हजाराच्या आत खर्च झाला, तो मी आणि त्या गुजराती बेन यांनी वाटून घेतला. ऑनलाइन गट काढणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिली भेट समोरासमोर करा. ज्याच्या शेजारी बसून चहा घेतला, त्याला नंतर प्रश्न विचारायला माणूस कचरत नाही.

त्यानंतर गटात शांतता पसरली. 'नमस्कार', 'स्वागत' झालं आणि पुढे काहीच नाही. मला वाटायला लागलं की कोणाला गरजच नसेल. पण माझा स्वतःचा फोन मात्र वाजत होता. "ताई, तुम्हालाच विचारते, गटात नको. लोक म्हणतील हिला एवढंही येत नाही." एक प्रश्न असा होता की मुदत संपलेल्या पुस्तकांना दंड लागत नाहीये. तोच प्रश्न त्याच आठवड्यात आणखी दोघींनी मला वेगवेगळा विचारला. तिघींनाही तेच उत्तर दिलं: देवघेवीच्या नियमांत सभासदाचा वर्ग आणि पुस्तकाचा प्रकार यांची जोडी भरलेली आहे का ते बघा, आणि रात्री आपोआप चालणारं दंडाचं काम सुरू आहे का ते बघा. तिघींचं काम झालं, गटाला मात्र काहीच कळलं नाही.

माझ्या मते गटाचं खरं काम इथेच असतं. चारचौघांत न विचारलेला प्रश्न चारचौघांत आणायचा, पण विचारणाऱ्याचा मान ठेवून. मग मी एक रीत ठरवली. खासगीत प्रश्न आला की म्हणायचं, "छान प्रश्न आहे, गटात टाकाल का? तिथे लगेच उत्तर देते." ती व्यक्ती नको म्हणाली तर तिची परवानगी घेऊन मी स्वतःच्या नावाने टाकायचे: "मला हे विचारायचंय." खासगीत उत्तर द्यायचं नाही. सुरुवातीला हे फार जड गेलं. समोरची बाई अडलेली असते, काउंटरवर सभासद उभे असतात आणि आपण तिला 'गटात टाका' म्हणतो. पण गटात टाकल्याबरोबर दहा मिनिटांत उत्तर मिळतं असा दोन-तीनदा अनुभव आला की लोक आपणहून टाकायला लागतात. पहिले दोन महिने मी वाचनालयाच्या वेळेत फोन अक्षरशः हातात धरून बसले होते, कारण पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर ते माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

पुढे उलटं करावं लागलं. उत्तर माहीत असूनही थांबायचं. तासभर कोणी बोललं नाही तरच बोलायचं. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी मी बँकेत होते, बाहेर येऊन बघते तर पावतीच्या छपाईवरून दोघांचं सगळं बोलणं होऊन प्रश्न सुटलाही होता. मला कोणी विचारलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की रस्त्यातच थांबून सगळं पुन्हा वाचलं.

भाषेचा प्रश्न बडोद्यात येणारच होता. काहींचं म्हणणं इंग्रजीच ठेवा, म्हणजे सगळ्यांना कळेल. पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की निम्मी माणसं गप्प. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून या संस्थानात ग्रंथालय खातं उभं केलं, आणि १९१२मध्ये इथून निघालेलं 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत असे. तो दाखला मी गटात टाकला आणि वाद मिटला. ज्याला जी भाषा येते तीत विचारायचं, ज्याला जी येते तीत उत्तर द्यायचं. लिहायला जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, मग कोणीतरी तो दोन ओळींत लिहून काढतं. फक्त कोहाच्या पडद्यावर जे शब्द दिसतात ते तसेच लिहायचे, म्हणजे पुढे शोधताना सापडतात.

नियम आम्ही मोजकेच केले. सुप्रभात आणि फॉरवर्ड नाही. प्रश्नाबरोबर कोहाची आवृत्ती लिहायची. मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते, तिच्या क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे क्रमांक कळला की अर्धं निदान होतं. पडद्याचा फोटो टाकताना सभासदाचं नाव, पत्ता, फोन झाकायचा. हा नियम मोडला तर संदेश लगेच काढून टाकायचा आणि त्या व्यक्तीला वेगळं, गोड शब्दांत कळवायचं. सगळ्यांसमोर टोकलेलं माणूस परत येत नाही.

महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी तीनला, गूगल मीटवर बसायचं ठरलं. दुपारी आमची वाचनालयं बंद असतात, म्हणून ती वेळ. फुकटच्या खात्यावर एका तासाने मीटिंग बंद होते, त्यामुळे पाल्हाळ होत नाही. प्रत्येक वेळी एकच विषय घ्यायचा आणि एकाच सभासदाने स्वतःचा पडदा दाखवायचा. नवरात्रात आम्ही बैठक ठेवतच नाही. बडोद्यात त्या नऊ रात्री कोणी संगणकासमोर बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

सगळ्यात रंगलेली बैठक 'ऱ्य'वर झाली, जानेवारी २०२४मध्ये. आयसीयू चालू करूनही काही मराठी पुस्तकं सापडेनात. नावात 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'ताऱ्यांचे' असं काही असलं की हमखास. शाळेतल्या एका तरुण ग्रंथपालाने दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवून अक्षरं सुटी करून दाखवली. काही जण 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहितात, तर काही जण साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालतात. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत एक, यंत्राला मात्र वेगळे. आमच्याकडे नोंदी तीन जणांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर केल्या होत्या, मग सापडतील कशा? गटाने पहिली पद्धत ठरवली आणि जुन्या नोंदी निर्यात करून अदलाबदल करून घेतल्या. तेव्हापासून आमच्याकडे नव्या मदतनीसाला पहिल्या दिवशी 'ऱ' कुठे आहे ते दाखवतात.

तोवर उत्तरं इतकी साठली होती की टेलिग्रामवर शोधणं कठीण झालं. म्हणून एप्रिल २०२४मध्ये उत्तरवही, म्हणजे सगळी उत्तरं एका जागी ठेवणारी वेबसाइट, काढली. डोकूविकी हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी घेतलं. त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या फायलींत राहतात, म्हणून सांभाळायला सोपं. वेबसाइटच्या 'डॉट इन' पत्त्याचे वर्षाला साधारण ७०० रुपये पडले, त्यासाठी ओळखपत्र मागितलं, ते देऊन पडताळणीला काही दिवस गेले. सर्व्हर भारतातल्याच कंपनीचा घेतला, कारण यूपीआयने पैसे भरता येतात आणि जीएसटीचं बिल मिळतं. त्याच सर्व्हरवर सरावाचा कोहाही ठेवला, त्याचे महिन्याला १,१००च्या आसपास जातात. नव्या ग्रंथपालाने तिथे हवी तेवढी मोडतोड करावी.

पैशांचं सांगते. नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने बँकेत खातं उघडायला गेलो तर पॅन, घटना, ठराव असं सगळं मागतात. फक्त सर्व्हरसाठी संस्था नोंदवणं आम्हाला जड होतं. म्हणून एका सभासदाने या कामापुरतं वेगळं बचत खातं ठेवलं आणि जमाखर्चाचा तक्ता उत्तरवहीत सगळ्यांना उघडा ठेवला. संस्थेमागे वर्षाला ५०० रुपये मागितले, तर ट्रस्टचे लेखापरीक्षक म्हणाले की पावतीशिवाय चालणार नाही. शेवटी बहुतेक ग्रंथपालांनी ते खिशातून दिले. याहून चांगला उपाय अजून सापडलेला नाही.

उत्तरवहीसाठी एक सवय लावली. प्रश्न सुटला की ज्याचा सुटला त्यानेच चार ओळी लिहायच्या: काय अडलं, काय केलं, काय झालं. उत्तर देणाऱ्याने लिहायचं नाही. अडलेल्या माणसाला कुठला शब्द कळला नव्हता हे त्यालाच ठाऊक असतं, त्यामुळे त्याने लिहिलेलं पुढच्याला लवकर समजतं. पानाखाली दोघांची नावं येतात. आपलं नाव छापून आल्यावर ज्या बाई कधी बोलत नव्हत्या त्या बोलायला लागल्या, हे मी स्वतः पाहिलंय.

जुलै २०२४च्या बैठकीचा विषय बॅकअप होता. उपस्थिती कमी होती, कारण विषय रुक्ष. कोहा रोज रात्री आपोआप प्रत काढतो, पण ती त्याच यंत्रावर ठेवतो आणि थोड्याच दिवसांच्या प्रती राखतो. त्या दिवशी आम्ही प्रत्येकाकडून ती प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दाखवायला लावली. दोन फायली असतात, एक नोंदींची आणि एक मांडणीची, दोन्ही लागतात. मग पेनड्राइव्हवर तारीख लिहून तो घरी न्यायचा.

ऑगस्टच्या शेवटी पूर आला. २६ तारखेला जन्माष्टमी होती. विश्वामित्री नदीची धोक्याची खूण २५ फुटांची, ती ओलांडून पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. कितीतरी भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. गटात त्या काळात कोहाबद्दल एक शब्द नव्हता, फक्त कोण कुठे आहे, कोणाकडे पाणी शिरलं, कोणाला दूध हवंय. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बेननी फोटो टाकला. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला सीपीयू, आत चिखल, मागची खालची दोन कपाटं फुगलेली. त्यांनी लिहिलं होतं, "आठ वर्षांचं काम गेलं."

कोणीतरी लगेच लिहिलं, यंत्र चालू करू नका. दुसऱ्याने विचारलं, पेनड्राइव्ह कुठाय? तो त्यांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर, देवघराच्या खणात होता. 'ऱ्य'च्या बैठकीतला तो तरुण ग्रंथपाल स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेला. सभासदांची माहिती आत असल्यामुळे सरावाच्या सर्व्हरवर टाकायची नाही हे त्यानेच ठरवलं. लॅपटॉपवर कोहाची तीच आवृत्ती बसवली, दोन्ही फायली परत चढवल्या, अनुक्रमणिका बांधून घेतली. जुलैपर्यंतचं सगळं आलं. पुढच्या महिनाभराची नवी पुस्तकं दाखल नोंदवहीतून भरायची होती, ती वही वरच्या फळीवर कोरडी होती. गटातले पाच-सहा जण दोन रविवार जाऊन बसले, एकाने वाचायचं, एकाने भरायचं. भिजलेल्या पुस्तकांचं सगळं वाचलं नाही. जी वाचण्यासारखी होती त्यांच्या पानांत शोषकागद घालून पंख्याखाली उभी केली, बाकीची नोंदीतून कमी करावी लागली, आणि त्यासाठी पंचनामा, फोटो आणि समितीचा ठराव लागला. तो मसुदाही आता उत्तरवहीत आहे.

त्यानंतर बॅकअपच्या बैठकीला कोणी चुकवत नाही. ती आता वर्षातून दोनदा होते, एकदा नक्की पावसाळ्याआधी.

गेल्या वर्षापासून काही जण कोहाच्या मराठी आणि गुजराती भाषांतरात हात घालतायत. २०११ची जागतिक कोहा परिषद ठाण्याला झाली होती, तेव्हाची एक-दोन जाणती माणसं ऐकून माहीत होती, त्यांनी कामाची पद्धत समजावली. 'मुदतवाढ', 'अनामत', 'दाखल क्रमांक' असे आपल्या काउंटरवरचे शब्द पडद्यावर आले की नव्या मदतनीसाला शिकवावं लागत नाही.

आता गट चालवणारे आम्ही चौघं आहोत: दोन मराठी, दोन गुजराती, त्यातल्या दोघींना मी आधी गटात एकही प्रश्न विचारताना बघितलं नव्हतं. सर्व्हरचा पासवर्ड दोघांकडे असतो, खात्याचा तक्ता तिसऱ्याकडे. तुमच्या गावात सुरू करणार असाल तर परवानगीचे दोन्ही मसुदे, स्वागताचा संदेश आणि पंचनाम्याचा नमुना तसाच्या तसा घ्या, नावं बदला आणि वापरा. आणि पहिली बैठक बॅकअपवरच ठेवा.